दवाखान्याची भवानी

हार ओवणाऱ्या बाईला कात्री लागत नाही. दोरा संपत आला की ती मान जराशी वाकडी करते, दोरा दाढेखाली धरते आणि तोडते. तोवर हात पुढच्या फुलावर गेलेला असतो. आमच्या पडवीत दुपारपासून ओवायला बसणाऱ्या बायकांमध्ये मोठीआईची दाढ सगळ्यांत धारदार आणि जीभ त्याहून. कोणी कात्री काढली की ती म्हणायची, "शिंप्याच्या घरी द्यायची होती हिला, चुकून माळ्याच्या घरी आली." मोठीआई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची, तात्यांची, बायको. घर तिच्या शब्दावर चालायचं, मळा तिच्या शब्दावर चालायचा, आणि आम्ही पोरंही खरं तर तिचीच होतो. माझी सख्खी आई घरातली धाकटी जाऊ. मोठीआईनं तिला कधी नावानं हाक मारली नाही, 'धाकटी' म्हणायची. आईही त्याच नावाला ओ द्यायची आणि सांगितलेलं काम करायची. लहानपणी मला वाटायचं, आईला स्वतःचं असं मतच नाही. ते खरं नव्हतं, पण ते कळायला मला फार उशीर लागला.

मळा नाशिकबाहेर, मखमलाबादच्या रस्त्याला. चहूकडे द्राक्षांचे मांडव उभे राहिले तरी आम्ही फुलं सोडली नाहीत. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, बांधाच्या कडेनं निशिगंध. पहाटे दादा, म्हणजे माझे वडील, एम-एटी गाडीला दोन्ही बाजूंनी पोती बांधून पंचवटीत फुलबाजाराला निघायचे आणि मागून मोठीआई मिळेल त्या रिक्षानं जायची, कारण विकायला ती स्वतः बसायची. दादांना भाव बोलता यायचा नाही. सुट्टीत मीही तिच्याबरोबर जायचे. ओल्या गोणपाटाचा वास, घाटावरनं येणारी घंटा, टेम्पोवाल्यांच्या शिव्या आणि त्या सगळ्यावर चढलेला तिचा आवाज. तिचे बाजाराचे नियम पक्के होते. त्यातला पहिला भवानीचा. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकामं परत पाठवायचं नाही, मग दोन पैसे कमी आले तरी चालतील. आणि भवानीला बसलेल्या गिऱ्हाइकानंही सौदा अर्धा टाकून उठायचं नाही. एकदा एक बाई गजरा हातात घेऊन, नाकाजवळ नेऊन, परत ठेवून निघाली. मोठीआईनं तिला भर बाजारात हाताला धरून बसवलं. "बाई, नको तर नको, पन एक फूल तरी घेऊन जा. माझा दिवस मोडू नको." बाईनं मुकाट्यानं गजरा घेतला. ते नाणं मोठीआईनं कपाळाला लावलं आणि मला डोळा मारला.

आणि मिश्री. आठवड्यातून एकदा चुलीवर पत्र्याचा तुकडा ठेवून त्यावर तंबाखूची पानं काळी होईस्तोवर भाजायची, मग चुरून, वस्त्रगाळ करून डब्यात भरायची. तो धूर घशात बसायचा, आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. सकाळी चहाच्या आधी घरातल्या बाया मोरीजवळ एका रांगेत बसायच्या, तर्जनीवर काळी पूड घेऊन हिरड्यांवरून फिरवत. बोलणं तोंडातल्या तोंडात, थुंकी सांभाळत. तेवढाच वेळ त्यांच्या मालकीचा होता. पुरुष तिकडे फिरकायचे नाहीत. दाढ दुखली, मिश्री. पोटात गॅस झाला, मिश्री. कोणाशी भांडण झालं, तरी मिश्री. आज मी हे सांगायला बसते तेव्हा माझे शहरातले सहकारी विचारतात, कोणी थांबवलं कसं नाही? कोण थांबवणार? दुपारी चार वाजता तुम्हाला चहाचा कप लागतो, तसं होतं ते.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. मुलींमध्ये पहिली असं नाही, सगळ्यांमध्ये पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते. दहावीनंतर तात्या म्हणाले होते, आता पुरे. मोठीआईनं तेव्हा त्यांना जेवायला वाढताना, ताटातली भाकरी हातात तशीच धरून विचारलं होतं, "पुरे म्हंजे काय? शेवंतीला कळी आली की उपटता का तुम्ही?" तात्यांची भाकरी तशीच अधांतरी. मी पुढे शिकले. पुण्याला एमबीबीएसला गेले, हॉस्टेलात राहिले, इंटर्नशिप संपवून परत आले, तेव्हा तात्यांनी रस्त्याकडची खोली रंगवून ठेवली होती. तिथं पूर्वी फवारणीचे पंप आणि करंड्या असायच्या. शटर बसवलं होतं, टेबल, दोन खुर्च्या, पडद्याची दांडी. आणि बोर्ड. माझ्या नावापुढे एमबीबीएस एवढ्या मोठ्या अक्षरात, की माझं नाव त्याच्या मागे लपल्यासारखं दिसत होतं. दसऱ्याला उद्घाटन ठरलं. तो मुहूर्त काढावा लागत नाही.

सगळे खूश होते आणि माझा जीव मात्र एका जागी लागत नव्हता. मी सकाळी उठून मळ्याला चक्कर मारायची, परत यायची, त्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसायची, उठायची. आई म्हणायची, "पायाला भिंगरी लागली का गं संगे?" मला सर्दी-तापाचा कंटाळा होता असं नाही. पण पुण्यात पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाची चटक लावली होती. माणूस बाहेरून बरा दिसतो आणि आत काय चाललंय ते काचेवर दिसतं, हे एकदा बघितल्यावर मला ताप मोजून गोळ्या लिहून देण्यात मन रमवता येईना. घरात सांगायची सोय नव्हती. बोर्ड रंगवून झाला होता.

अशाच एका दुपारी मी पडवीत उगाच उभी होते. दसरा तोंडावर आलेला, पेठ तालुक्याकडच्या मजूर बायका झेंडूच्या तोडणीला आलेल्या, पडवी पोत्यांनी भरलेली. ओवायला बसलेल्यांमध्ये पारूबाई नावाची आमची शेजारीण बोलत होती, बाकीच्या हसत होत्या. आणि मोठीआईनं हार पुरा केला, कमरेची कात्री काढली आणि दोरा कापला.

कोणी काही बोललं नाही. म्हणजे त्यांना ते जुनं झालं होतं. मी मात्र तिच्याकडे बघतच राहिले. मग एकेक गोष्ट जोडली जायला लागली. आदल्या दिवशी आईनं कुळथाची शेंगोळी केली होती, लसणाची, तिखट, मोठीआईच्या जिवाभावाची, आणि तिनं भाकरी दुधात कुस्करून खाल्ली होती. पान एका बाजूनं चघळत होती. बोलताना उजवा गाल हलत नव्हता.

"मोठीआई, दोरा दातानं का नाही तोडलास?"

"दात म्हातारे झाले. तुझ्यावानी डॉक्टर झाले असते तर नवे बसवले असते."

"तोंड दाखव बरं."

पडवीत एकदम हशा पिकला. पारूबाई म्हणाली, "अगं, हिचं तोंड उघडलं तर बंद कोन करनार?"

मोठीआईही हसली, पण डाव्या बाजूनंच. मी टॉर्च आणायला आत वळले, तसा तिचा आवाज बदलला. "संगे, दसरा होऊ दे. झेंडू कोनासाठी थांबत नाय. उष्णता हाय नुसती, तोंड आलंय. मिश्री दाबली की बरं वाटतं."

मिश्री दाबली की बरं वाटतं. मला त्या वाक्यानं घेरलं. तंबाखू बधिर करतो. जिथं दुखतं तिथं बाया बोट दाबून मिश्री भरतात, दुखायचं थांबतं, म्हणून आणखी भरतात. ज्यानं जखम झाली तेच औषध म्हणून तिच्यात कोंबायचं. हा घोळ मी पुढे शेकडो तोंडांत पाहिला, पण तेव्हा तो माझ्या घरात, माझ्या मोठीआईच्या गालाआड होता आणि मला आत बघायची परवानगी नव्हती. पुढचे दिवस मी तिच्या मागे मागे हिंडत होते. गोठ्यात, विहिरीवर, चुलीपाशी. ती एकदा भडकली: "कुत्र्यावानी मागं फिरू नको." दादांना सांगितलं, ते म्हणाले, तू तिला सांग. तात्यांना सांगितलं, ते म्हणाले, सण होऊ दे. आईला सांगितलं, तर आईनं हातातलं काम थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा काम सुरू केलं. मला वाटलं, नेहमीसारखंच.

दसऱ्याला सकाळी सगळं घर बाजारात. दुपारी माणसं परतली ती घसे बसलेली आणि हात पिवळे झालेली. शटरला हार लावला होता, आईच्या हातात आरतीचं ताट होतं, गल्लीतली निम्मी माणसं जमली होती. तात्यांनी नारळ फोडला आणि विचारलं, "पहिला पेशंट कोन?" कोणी पुढे यायच्या आत मोठीआई नवी नऊवारी सावरत खुर्चीत जाऊन बसली. "भवानी माझी. बीपी बघ माझा, आन् या तुझ्या तात्यांना सांग तो कोनामुळं वाढतो."

सगळे हसले. त्या हसण्यात मला एकदम वाट दिसली. मी म्हटलं, "पेशंट तपासताना गर्दी नको," आणि शटर खाली ओढलं. आत आम्ही तिघीच राहिलो: मोठीआई, मी आणि ताट हातात धरून कोपऱ्यात अवघडलेली आई.

"तोंड उघड."

"बीपी तोंडात असतो व्हय?"

"मोठीआई, तोंड."

ती उठायला लागली. मी खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवले. "भवानीला बसलीयेस. सौदा टाकून उठलीस तर माझा दवाखाना मोडला. आजच, दसऱ्याला. बाहेर सगळे उभे आहेत, जा सांग त्यांना."

 बाहेरनं तात्यांनी शटरवर थाप मारली. "किती वेळ? बीपी सापडंना का?"

"माझंच हत्यार माझ्यावर चालवती का गं, सटवे?" ती हळू म्हणाली. पण ती उठली नाही. अडाणी अंधश्रद्धेचा मी फायदा घेतला, असं मला पुढे एका शिकलेल्या माणसानं ऐकवलं. मी त्याला सांगितलं, तिचा शब्द होता तो, आणि मी तिला त्या शब्दाला धरलं. मला त्याची लाज वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा धरीन.

तिनं तोंड उघडलं. पुरतं उघडत नव्हतंच. उजव्या गालाच्या आत चुन्याचा पोपडा धरल्यासारखा पांढरा पट्टा होता आणि मध्ये एक खड्डा, कडा उचललेल्या, आणि त्या खड्ड्यात सकाळची काळी मिश्री. मी बोट फिरवलं. कड कडक लागली. हनुवटीखाली चाचपलं, तिथं एक गाठ होती. 

"कधीपासून?" हा प्रश्न मी विचारला नव्हता. आईनं विचारला होता.

"शेवंती लावली तवापासून," मोठीआई म्हणाली, आणि आईकडे न बघता मला म्हणाली, "औषध काय ते दे. पन लोखंड लावायचं नाय. पारूच्या सासूला चाकू लागला आन् ती गेली."

"ती आधीच निघाली होती, चाकू उशिरा पोचला. तुझा बारीकसा तुकडा काढून काचेवर बघायचा आहे. मी स्वतः बघणार आहे."

"तू बघनार?"

"मी."

 मोठीआई पदरानं तोंड पुसून म्हणाली, "शटर उघड. आन् बाहेर सांग, बीपी वाढलाय." दुसऱ्या दिवशी सकाळी मी, मोठीआई आणि तात्या पुण्याच्या एसटीत बसलो. खरं काय ते तात्यांना रस्त्यात कळलं. संगमनेरला गाडी थांबली तेव्हा ते खाली उतरून एकटेच उभे राहिले, चहा हातात घेऊन, तो न पिता. मोठीआईनं खिडकीतनं ओरडून सांगितलं, "थंड झाला तर परत गरम करून मागा, फुकट नाय घेतला!"

तुकडा माझ्या कॉलेजातल्या सर्जननी काढला. रिपोर्टच्या दिवशी मॅडमनी मला शेजारी बसवलं आणि काही न सांगता काच माझ्याकडे सरकवली. गुलाबी आणि जांभळं. चांगल्या पेशी एकमेकींना धरून थरावर थर बसतात. इथं थर फोडून त्या खाली उतरल्या होत्या, पुंजक्यापुंजक्यानं, वाट फुटेल तिकडे. मला काय दिसतंय ते मला पहिल्या नजरेत कळलं. तरी मी डोळा काढला नाही. कडेला, त्याच काचेवर, चांगला भाग होता. तीच बाई, तोच गाल, तीच मिश्री, आणि केसभर अंतरावर सगळं नीट. मी इकडून तिकडे, तिकडून इकडे जात राहिले. मॅडम म्हणाल्या, "रड हवं तर." मला रडू आलं नाही. मला हे दोन तुकडे जिथं भेटतात ती जागा सोडवत नव्हती.

मोठीआईचं ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग, जबड्याचं थोडं हाड आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं कातडं आणून गाल शिवला. आई नाशिकहून आली ती वॉर्डातच राहिली. नळीतून पातळ पेज देणं, थुंकी पुसणं, केस विंचरणं, सगळं तिनं केलं. मोठीआईला नीट बोलता यायला लागलं तेव्हा तिचं पहिलं सलग वाक्य जे निघालं ते आभाराचं नव्हतं. आई तिच्या पायाशी बसली होती. मोठीआईनं तिच्याकडे बोट केलं आणि मला विचारलं, शब्द ओघळत होते तरी स्पष्ट कळलं:

"हिला का नाय झालं?"

"मोठीआई…"

"एकच डबा. एकच मोरी. ती माझ्याआधी लावायला बसायची. मग हिला का नाय?"

त्यात राग होता. मला ते तेव्हा ऐकवलं नाही. आई खाली बघत पेजेचं भांडं पुसत राहिली, पुसलेलं पुन्हा पुसत राहिली. मी डॉक्टर होते, मला बोलायला हवं होतं. "माहीत नाही," मी म्हटलं. मोठीआईनं मान फिरवली. "मग काय शिकली?"

घरी परत आल्यावर मी फार दिवस जाऊ दिले नाहीत. तात्यांना पडवीत सांगितलं की मी पॅथॉलॉजीत एमडी करणार, पुढं कॅन्सरच्या संशोधनात जाणार, दवाखाना चालवणार नाही. तात्या पेटले. एवढी खोली, एवढा बोर्ड, गावात शब्द दिलेला. "पेशंट न बघनारा डॉक्टर? काचा बघनार? हे शिक्षान आहे का थट्टा?" दादा बसल्या जागी सुतळी गुंडाळत होते. मी उठून आत जाणार होते. पलंगावरून मोठीआईनं हात वर केला. बोलणं तिला कष्टाचं होतं, म्हणून ती थोडकंच बोलली.

"जाऊ द्या तिला. मी विचारलंय, तिला सांगता आलं नाय. जाऊन शोधू दे."

"आन् दवाखाना?"

"करंड्या ठेवा."

मोठीआई त्यानंतर बरीच वर्षं जगली. मी सुट्टीत आले की दारातच विचारायची, "सापडलं का?" मी म्हणायची, "थोडं." "थोडं म्हंजे किती?" मला ते सांगता यायचं नाही. आजही पुरतं सांगता येत नाही. काहींच्या पेशी झालेली मोडतोड दुरुस्त करतात, काहींच्या चुकतात, इतपत कळलंय. एका मोरीवर बसलेल्या दोघींमध्ये कोणाच्या का, हे मला अजून त्या डब्यासमोर उभं राहून सांगता येणार नाही. माझं सगळं काम, प्रयोगशाळा, परदेशातली भाषणं, लोक टाळ्या वाजवतात ते सगळं, तिच्या त्या रागाच्या प्रश्नाभोवती फिरतंय. मिश्री आता पुड्यांतून येते, तरुण मुलींच्या पर्समधून, आणि मला रांगा संपताना दिसत नाहीत.

त्याआधी, एमडीच्या प्रबंधासाठी मी मिश्री लावणाऱ्या बायकांची तोंडं तपासत होते. आजार झालेल्या, आणि तेवढीच वर्षं मिश्री लावूनही न झालेल्या. झालेल्या मिळत होत्या. न झालेल्या यायला तयार नव्हत्या. चांगल्या तोंडाला कशाला हात लावून घ्यायचा, म्हणायच्या. मी वैतागून घरी आले होते आणि ओसरीत बसून पेट्यांमधल्या काचा नुसत्याच मोजत होते. आई आतून आली. तिनं हात धुतले होते, लुगड्याला पुसले होते. तिनं विचारलं नाही, सांगितलं.

"माझं घे."

"आई, तुला काही झालेलं नाही."

"म्हणून तर." ती समोर बसली. "तिनं तेव्हा तुला विचारलं, मी तिथंच होते. रोज तिला पेज पाजताना मला तेच येत होतं मनात. मला का नाय? मलाबी कळायला नको का?"

 तिनं खुर्ची उजेडाकडे ओढली, डोक्यावरचा पदर मागे सारला, आणि मी सांगायच्या आधीच तोंड उघडलं.